पलीकडचा कान

देवाशी माझं भांडण जुनं आहे आणि ते अजून पुरतं मिटलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, की साक्ष ऐकायला बसलो आणि बाई आपलं रडगाणंच गायला लागल्या.

२०१४ साली ठाणे जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि मी पालघरच्या तुकड्यात पडले. मी मूळची नगरची, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. नवरा नगरला छापखान्यात, मुलगी सासूबाईंजवळ, आणि मी तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत. २००६ला नोकरीला लागले तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. वाटलं, तीन-चार वर्षं काढू, मग बदली करून घेऊ. कशाचं काय! आधी म्हणाले सेवा पूर्ण नाही, मग म्हणाले तिकडे जागा नाही, मग जिल्हाच नवा झाला म्हणून अर्ज नव्यानं, यादी नव्यानं, फोटोसुद्धा नव्यानं. माझी मुलगी तिकडे पहिलीत गेली तेव्हा मी इकडे दुसऱ्यांच्या मुलांचा हात धरून 'ग' गिरवून घेत होते. पुढे पुढे ती फोनवर मला "जेवलीस का?" असं विचारायला लागली, लांबच्या नातेवाइकाला विचारतात तसं. फोन ठेवला की मी देवापुढे बसायचे आणि म्हणायचे, बाबा रे, एवढं एकच मागतेय. दुसरं काही मागितलंय का कधी?

चार वर्षं तो गप्प. बदलीचं पोर्टलही गप्प.

दर रविवारी मी एसटीनं डहाणूला यायचे आणि तिथून आगरला. तिथं एक निवृत्त नर्स राहायच्या. त्यांच्या पडवीत आमची आठ-दहा जणांची प्रार्थनासभा भरायची. बाहेर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आणि आत आमची गाणी. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. नोकरी सुटली तरी मावशींमधली नर्स काही सुटली नव्हती. कुणी आपलं दुखणं सांगायला लागलं, की त्या चष्मा वर सरकवून आधी चौकशी करायच्या.

"किती दिवस मागते आहेस?" एका रविवारी त्यांनी मला विचारलं.

"चार वर्षं झाली, मावशी."

"आणि काहीच नाही?"

"काही नाही."

"मग आत काहीतरी साचलंय. मन आपल्याला दोष देत असलं ना, की मागायला तोंड उघडत नाही. उघडलं तरी आवाज वर पोचत नाही. ते आधी साफ कर आणि मग माग. बघ कसं मिळत नाही ते."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे नगर जिल्ह्यात जागा रिकामी नाही, ती माझ्या मनात मळ साचलाय म्हणून? आणि ज्यांच्या बदल्या साहेबांच्या ओळखीनं दोन वर्षांत झाल्या, त्यांची मनं काय गंगाजळासारखी नितळ होती? असं मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, "बरं मावशी."

"यादी कर," त्या म्हणाल्या. "कागदावर. डोक्यातल्या यादीत आपण सोयीचं तेवढंच ठेवतो."

केली यादी. माणूस हताश झाला की काय काय करतो! यादीत पहिली होती नणंद. एका नाताळाला मी करंज्या हातानं केल्या असं सांगून विकतच्या नेल्या होत्या. फोन करून कबूल केलं. तिला बिचारीला तोवर पत्ताच नव्हता. आता अख्ख्या नगरला झाला. दुसरी घरमालकीण, गुजराती बाई. तिच्या परसातला कढीपत्ता मी विचारल्याशिवाय तोडायचे. ती हसून म्हणाली, "अरे बेन, त्यात काय! झाड तुमच्या बाजूलाच तर वाकतंय." एवढं एक सरळ पार पडलं. तिसरे माझे सहकारी गुरुजी. त्यांना मी जाऊन सांगितलं, की गुरुजी, मी इतकी वर्षं तुम्हाला मनातल्या मनात कामचोर म्हणत आले, मला क्षमा करा. गुरुजींनी तीन आठवडे माझ्याशी बोलणं टाकलं. दोन शिक्षकांची शाळा आणि त्यातला एक दुसऱ्याशी बोलत नाही. मुलंच निरोप्यासारखी या वर्गातून त्या वर्गात धावायची, "बाई, गुरुजींनी खडू मागितलाय."

मन साफ करायला गेले आणि शाळा नासवून बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण गंमत ऐका. २०१८च्या मे महिन्यात बदल्यांची यादी लागली आणि तिच्यात माझं नाव होतं! नगर जिल्हा. मी मोबाइलवर तीन वेळा वाचलं, मग घरमालकिणीला वाचायला लावलं. तिला मराठी वाचता येत नव्हतं, तरी ती बिचारी "छे, छे, छेज ने!" म्हणजे 'आहे, आहेच की!' म्हणून नाचली. मुलीला फोन केला. ती जूनमध्ये दहावीत जाणार होती. ती म्हणाली, "खरंच? म्हणजे दहावीला तू असणार?" मला इतकं रडू आलं की फोन मालकिणीच्या हातात द्यावा लागला.

त्या रविवारी मावशींच्या पडवीत मी उभी राहून साक्ष दिली. मन स्वच्छ करा, मंडळी, मन स्वच्छ केलं की देव देतो. करंज्यांचं सांगितलं तेव्हा सगळे हसले. मावशींनी "आमेन" असा जोरात सूर लावला, की शेजारची कोंबडी उडाली. मीही अगदी भरून पावले होते. आता आठवलं की कानशिलं तापतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी शाळेत एकटीच होते. सुट्टी संपायची होती. गुरुजींच्या ताब्यात चार्ज देऊन पंधरा तारखेच्या आसपास कार्यमुक्त व्हायचं, म्हणून कपाट उपसून रजिस्टरं लावत बसले होते. तेवढ्यात दारात पाड्यावरचा एक माणूस येऊन उभा राहिला. मजुरीला कधी वापीला, कधी डहाणूच्या चिकूच्या वाड्यांत जाणारा, कमी बोलणारा. त्याची थोरली मुलगी माझ्याकडे चौथीपर्यंत शिकली होती आणि मग आश्रमशाळेत गेली होती. मध्ये आईच्या आजारपणात तिचं एक वर्ष घरी मोडलं, आता ती बारावीत जाणार होती.

"बाई, पोरीच्या दाखल्याची नक्कल पायजे," तो म्हणाला.

"कशाला हो?"

"लगीन जमलंय. पोरगा सायवनचा, कंपनीत हाय. पाऊस लागायच्या आत उरकायचं." मग त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. "एक जून झाला ना बाई? झाली ना ती अठराची?"

मी म्हटलं, "बघते." रजिस्टर काढलं. माझं अक्षर. निळी शाई. १ जून २०००. अक्षरी सुद्धा लिहिलेलं, एक जून दोन हजार, वळणदार.

आता हे एक जूनचं प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. आमच्या महाराष्ट्रात अर्ध्या लोकांचा वाढदिवस एक जूनला असतो. पोराची जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मग गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे. आणि वय कसं ठरवायचं? उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला लागली की पोरगं सहा वर्षांचं झालं, घाला पहिलीत. मी लागले तेव्हा हे जुनं झालं होतं, पण पाड्यावर चालायचं.

२००६ साली माझ्या शाळेचा पट कमी भरत होता. पट भरला नाही तर एक जागा जाणार, आणि मी नवी, म्हणजे जाणार ती माझीच. मी पाड्यात घरोघर फिरून सात पोरं गोळा केली. त्यात ही होती, आईच्या लुगड्याला धरून उभी. मी आईला विचारलं, "किती वर्षांची?" आई म्हणाली, "चार पावसाळं झालं." स्पष्ट म्हणाली. मी पोरीचा हात डोक्यावरून नेला. बोटं कानाच्या चांगली चार अंगुळं वर राहिली. मग मी तिची मान वाकडी केली, हात जरा ओढला आणि कानाला लावला. पोरगी हसली, तिला वाटलं खेळ आहे. मी लिहिलं, सहा वर्षं पूर्ण.

माझी स्वतःची तीन वर्षांची पोर तेव्हा घरी होती. चार वर्षांचं मूल केवढं असतं ते मला कळलं नाही, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

आणि बघा, मावशींनी यादी करायला सांगितली तेव्हा हे माझ्या मनात आलंसुद्धा नाही. करंज्या आल्या, कढीपत्ता आला. हे पाप आहे असं मला वाटलंच नव्हतं हो! ते काम होतं. सगळे करत होते.

"बाई?" तो माणूस म्हणाला. "झाली ना?"

"कागदावर झाली," मी म्हटलं.

"मंग झालं," तो खुशीत म्हणाला. "माझी बायको म्हणते पोर लहान हाय अजून. म्या म्हटलं, तुला काय ठावं? बाईंनी लिवून ठेवलंय." मी त्याला सांगितलं, शिक्का गुरुजींकडे आहे, दोन-चार दिवसांनी या. शिक्का माझ्या पर्समध्ये होता.

दुसऱ्या दिवशी पोरगी आली, एकटी. सायकल झाडाला टेकवून दारातच उभी राहिली. माझ्या मुलीपेक्षा वर्षानं मोठी, पण अंगानं तेवढीच. तिला नर्सिंगला जायचं होतं, हे ती चौथीपासून सांगायची. म्हणाली, "बाई, माझं लग्न ठरलंय."

"कळलं मला."

"मला नको अजून." मग म्हणाली, "बाई, तुम्ही शनिवारी शाळा सुटल्यावर डोळे मिटून बसायच्या ना? आम्ही खिडकीतून बघायचो. तुमच्या देवाला सांगा ना, की बापाच्या मनात येऊ दे, नको म्हणून."

मी "सांगते हं बाळा" म्हटलं. आणि खरंच सांगितलं. इतकी कळकळीची प्रार्थना मी बदलीसाठीही केली नव्हती. देवा, बापाचं मन फिरव. देवा, सायवनवाल्यांना दुसरी मुलगी आवडू दे. देवा, पाऊस आठ दिवस आधी पाड. त्याला किती मार्ग सुचवले मी! एक मार्ग तेवढा सुचवला नाही, तो माझ्या कपाटात होता.

कारण हिशेब सरळ होता. रजिस्टरमध्ये खोटी तारीख लिहिली, असं मी लिहून दिलं की चौकशी लागणार. चौकशी लागली की कार्यमुक्ती थांबणार. कार्यमुक्ती थांबली की नगर गेलं, मुलीची दहावी गेली, आणि पुन्हा संधी कधी, ते देवालाच ठाऊक. आणि देवाशी तर माझं हे असं!

आधी एका वरिष्ठ साहेबांना फोन केला. नाव न घेता, "समजा एखाद्या शिक्षिकेनं" वगैरे. साहेब काय लेचेपेचे होते? ते म्हणाले, "मॅडम, समजा त्या एखाद्या शिक्षिकेच्या हातात बदलीची ऑर्डर आहे. तिनं गपगुमान कार्यमुक्त व्हावं. अहो, अख्ख्या तालुक्याचा एक जून आहे. माझा पण एक जून आहे!" आणि हसले. मला हसायला आलं नाही.

रविवारी आगरला गेले. सभा संपेपर्यंत थांबले आणि मावशींना सगळं सांगितलं. वाटलं, मावशी जवळ घेतील, म्हणतील, लेकरा, जुनी गोष्ट आहे, देव क्षमा करतो. मावशी कोळंबी सोलत होत्या. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "मी तुला यादी कर म्हटलं, तर तू करंज्या आणल्यास?"

मला असा संताप आला! म्हटलं, "मावशी, तुम्हीच म्हणालात ना, मन साफ केलं की मिळतं? मला तर मन घाण असतानाच मिळालं! आणि आता साफ करायला गेले तर हातचं जाणार. हा कुठला न्याय? देवाला एवढंच होतं तर बदली द्यायची कशाला? चार वर्षं थांबला, अजून पंधरा दिवस थांबला असता तर त्याचं काय बिघडत होतं?"

"ते त्याला विचार."

"त्याला विचारून थकले. तुम्ही सांगा, काय करू?"

"मी नाही सांगणार," मावशी म्हणाल्या. "मी सांगितलं, की उद्या नगर हुकलं म्हणून तू माझ्या नावानं बोटं मोडशील. तुला ठाऊक आहे काय करायचं. ठाऊक नसतं तर एवढी ओरडली असतीस का?" आणि निघताना माझ्या हातात सोललेल्या कोळंबीचा डबा दिला. खाई त्याला खवखवे, तसा तो डबा एसटीत माझ्या मांडीवर जड झाला.

नवऱ्याला सांगायचं मी टाळत होते. शेवटी सोमवारी सकाळी फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "लिहून दिलंस तर बदली जाईल?"

"जाईल."

"नक्की?"

"अहो, नक्कीच!"

त्यांनी मागचं खडखडणारं यंत्र बंद केलं. मग म्हणाले, "मी तुला बारा वर्षं ओळखतो की वीस?"

"सतरा," मी वैतागून म्हटलं.

"तू न सांगता इथं आलीस तर या घरात कुणाला सुखानं जेवू देणार नाहीस. पोरीच्या ताटात वाढताना तुला ती दुसरी दिसणार. तुझं तोंड मी बघितलंय असं झालं की. नको गं. तिथं निस्तर आणि मग ये." आणि लगेच पुढे म्हणाले, "पोरीला मी सांगतो."

"नको, मी सांगते," मी म्हटलं. सांगितलं. तिनं "हं" म्हटलं आणि आजीनं हाक मारली म्हणून फोन ठेवला. आजी तेव्हा महिलांच्या सभेला चर्चमध्ये गेली होती, हे मला माहीत होतं.

त्याच दुपारी मी पाड्यावर गेले. तो माणूस घरावर चढून कौलं चाळत होता. मला बघून खाली उतरला, हात पुसले, खाट ओढली. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली, पोरगी तिच्या मागं.

"नक्कल आणली काय बाई?"

"नाही. सांगायला आलेय." आणि एका दमात सांगून टाकलं. तारीख खोटी आहे. मी लिहिली. पट भरत नव्हता म्हणून लिहिली. तुमच्या बायकोनं मला तेव्हाच चार पावसाळे सांगितले होते. पोर आता सोळाची आहे.

मला वाटलं होतं तो चिडेल. चिडायला हवं होतं. तो जमिनीवर उकिडवा बसला आणि म्हणाला, "दोन वर्सं सोयरीक येते बाई. म्या नाय म्हणत आलो. शाळेत ते लोक आलेले ना, अठराच्या आत नाय करायचं सांगाय? तवापासून. भाऊ हसायचा मला. म्या सांगायचो, बाईंनी लिवलंय, त्या दिवशी करीन, आधी नाय." मग माझ्याकडं बघून त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, "शाळेत लिवलेलं खोटं असतं?"

मी मान खाली घातली. त्याच्या बायकोनं तेवढ्यात तोंड उघडलं, "म्या म्हणत व्हते."

"म्या जाऊन सांगितलं तर सायवनचे ऐकायचे नाय," तो म्हणाला. "म्हणतील, मोठं स्थळ आलं म्हणून फिरला. तुम्ही लिवून द्या."

झालं. तोंडी सांगून सुटेन अशी एक आशा मनात कुठं तरी होती, तीही गेली. मी तिथंच खाटेवर बसून लिहिलं, तीन प्रती. एक त्याला, एक ग्रामसेवकाला, एक तालुक्याच्या कचेरीला. पर्समधून शिक्का काढला. शिक्का गुरुजींकडे आहे असं मी सांगितलं होतं, ते त्याच्या लक्षात आलं असेल तरी तो बोलला नाही.

त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं कागद पोरीच्या हातात दिला, "वाच." आणि ती वाचायला लागली. मीच शिकवलेलं वाचन, खणखणीत, स्वल्पविरामाला थांबून. "प्रवेशाच्या वेळी आईने वय चार वर्षे सांगितले असताना, केवळ पटसंख्या भरण्यासाठी, मी स्वतः सहा वर्षे अशी नोंद केली." कुठंही अडखळली नाही. मला वाटत होतं, बाई गं, निदान एखादा शब्द तरी हळू वाच.

वाचून झाल्यावर ती मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमच्या देवानं ऐकलं."

मला ओरडावंसं वाटलं, की देवानं कसलं, अगं, तुझी प्रार्थना इतके दिवस माझ्याच कुलपात पडून होती! पण तिचा चेहरा असा उजळला होता, की मी नुसती तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आणि चालायला लागले. खरं सांगते, पायवाटेवर मला इतकं हलकं वाटलं, की मी मोठ्यानं म्हटलंसुद्धा, "घे बाबा, झालं मन साफ. आता काय करायचं ते कर."

"बाई!" मागून हाक आली. तो माणूस भराभरा येत होता. मी थांबले.

"त्या वर्सी तुम्ही सात पोरं नेली पाड्यातली," तो म्हणाला. "बाकीच्या सहांचं?"

तो मला पकडायला आला नव्हता. त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं.

"त्यात माझ्या भावाची पोर व्हती," तो म्हणाला. "तिला तुम्ही सात वर्सांची लिवलेली. तिचं गेल्या वर्सी झालं. तुमच्याच दाखल्यावर."

पुढचं सगळं जसं व्हायचं तसंच झालं. सायवनवाल्यांनी कटकट केली आणि मग थांबायला नकार दिला, सोयरीक मोडली, पोरगी बारावीला गेली. माझी कार्यमुक्ती थांबली, चौकशी लागली. त्या नगरच्या जागेवर दुसऱ्या बाई गेल्या. मुलीची दहावी माझ्याशिवाय झाली आणि चांगली झाली, हेही मला लागलं. मी पाड्यात घरोघर फिरून एकेका आईला बसवून पावसाळे मोजून घेतले आणि तालुक्याला कळवले. गुरुजी, ज्यांना मी कामचोर म्हणत होते, तेच माझ्याबरोबर फिरले.

भावाची पोर उंबरगावला दिली होती. तिच्या आईकडं मी गेलेच नाही, आधी तिलाच भेटायचं ठरवलं. २०१९च्या सुरुवातीला एका शनिवारी पत्ता विचारत गेले. कडेवर सहा-सात महिन्यांचं बाळ घेऊन तिनं दार उघडलं आणि किंचाळलीच, "बाई! तुम्ही माझ्या घरी!" लगबगीनं चटई टाकली, पाणी दिलं, नवरा कंपनीत गेलाय, चांगला आहे, असं सांगितलं. मला बोलूच देईना. शेवटी मी तिचा हात धरून खाली बसवलं आणि जे सांगायला गेले होते ते सांगितलं. तारीख माझ्या मनची होती. तुझं लग्न झालं तेव्हा तू अठराची नव्हतीस. चूक माझी.

ती ऐकत होती. रागावली नाही, रडलीही नाही. बाळाला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि वर्गात शंका विचारायची तसं विचारलं, "मग बाई, मी आता किती वर्षांची?"

मला सांगता येईना. हिच्या आईला तर मी नाव घालताना विचारलंसुद्धा नव्हतं.